पालीकडे बघणाऱ्या बाई

माझी नात जमिनीवर डोकं आपटत होती आणि कांबळे बाई भिंतीवरच्या पालीकडे बघत होत्या. बाईंची आठवण निघाली की मला सगळ्यात आधी हेच दिसतं. न बोलणाऱ्या, जगावेगळ्या वागणाऱ्या पोरांसाठी कळंब्याला त्यांची तीन खोल्यांची शाळा होती. नव्वद सालानंतरच्या गोष्टी या. सोनी तेव्हा सहा वर्षांची. तोंडातून शब्द नाही, कुणाच्या डोळ्यांत बघणं नाही, आणि मनासारखं झालं नाही की आडवी पडून अशी किंकाळी फोडायची की गल्लीच्या टोकाला ऐकू जावी. मी सवयीने खिशातला पेढा काढला. बाईंनी माझ्याकडे न बघताच हात आडवा घातला. दुसऱ्या हाताने घडी केलेली वाकळ सोनीच्या डोक्याखाली सरकवली, तीही न बघता, न बोलता. आणि पुन्हा पालीकडे.

"बाई, पोरगी मरंल की!" मी ओरडलो.

बाईंना जसं ऐकूच गेलं नाही.

शेवटी सोनी दमली आणि क्षणभर थांबली. त्याच क्षणी बाई खाली बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "शाबास गं माझी बाय. गप बसलीस, लई बरं वाटलं." मग माझ्याकडे वळल्या. "आप्पा, खिशात पेढा कशाला असतोय?"

"ती वरडाय लागली की द्यायला."

"आणि ती वरडती कशाला?"

मी पेढा परत खिशात टाकला. बाईच म्हणाल्या, "पेढा देऊन देऊन तुमीच तिला वरडायला शिकवलासा."

मी कोल्हापुरातला गवळी माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण आजवर कुणाचं उणं बोलणं ऐकून घेतलेलं नाही. पोरीला उचललं आणि तडक घरी आलो. पण घरी काय होतं? माझा मुलगा दिनकर वारणानगरला नोकरीला, महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. सून पोरीमागे धावून धावून वाळून गेलेली. दिनकरने मनाशी ठरवलं होतं, दिवाळी झाली की सोनीला पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत कायमची ठेवायची. "आप्पा, तुमच्यानं हुईना, आमच्यानं हुईना. तिथं निदान सांभाळतील तरी," एवढंच बोलून तो मान खाली घालायचा. ते मला सोसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोनीला घेऊन मी पुन्हा कळंब्याच्या शाळेच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "काल छत्री विसरली हितं."

"छत्री न्हाय हितं," बाई म्हणाल्या. "पण सोनीला आणलासा, लई चांगलं केलंसा. च्या घेणार?"

त्यांनी पहिलीच गोष्ट विचारली ती ही, की सोनीला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं. मी म्हटलं पेढा. बाईंना पटलं नाही. आमच्याकडच्या बायका पुरुषांगत बोलतात, तसं म्हणाल्या, "मी येतो संध्याकाळी. बघतो." आणि खरंच आल्या, आमच्या दूधकट्ट्यावर. संध्याकाळी आम्ही म्हशी चौकात आणून बांधायचो. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहणार, त्याच्यासमोर धार काढायची आणि ऊन ऊन दूध फेसासकट त्याच्या हातात द्यायचं. बाई पालथ्या बादलीवर बसल्या आणि गप बघत राहिल्या. मी पेला पुढे केला तर म्हणाल्या, "आप्पा, मी कुठली, कुणाची, विचारलं न्हाईसा?"

मी म्हटलं, "माझी म्हस विचारत न्हाय. मी कशाला विचारू?"

बाई हसल्या. दूध संपवलं आणि वर फेस राहिलेला पेला नुसता मांडीवर धरला. सोनी कुठून तरी आली, पेल्यात बोट बुडवलं, फेस चाटला आणि पळाली. "घावलं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून फेस कुलुपात गेला म्हणा. बाई फेसाचा पेला सोनीच्या समोर धरायच्या. तिने नुसता पेल्याला हात लावला तरी लगेच "दे!" असं स्वतः म्हणून बाई फेस चाटवायच्या. काही दिवसांनी नुसता हात लावून भागेना, ओठ हलवायला लागले. मग "द" असा काहीतरी आवाज. बाईंची मागणी रोज तांदळाएवढी वाढायची, पोरीला कळणार नाही एवढी. आणि मिळायचं ते त्याच क्षणी. मला म्हणायच्या, "शाबासकी दुधागत असती आप्पा. ताजी दिली तर अंगाला लागती. उशीर झाला की नासती."

मला वाटलं, आपणही जाणकारपणा दाखवावा. म्हटलं, "म्हंजे बादली वाजली की म्हशीला पान्हा फुटतोय, तसंच की."

"बरोबर. तसंच."

हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. "माझी नात काय म्हस हाय व्हय?"

बाईंनी वर विजेच्या तारेकडे बघितलं. चौकात पाल कुठून असणार? मी एकटाच तणतणलो. माझा आवाज खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमीबी तसंच शिकलासा, मीबी. पोराला म्हशीगत वागवायचं न्हाय, पण म्हशीसाठी जेवढा धीर धरतासा, तेवढा पोरीसाठी धरा की."

धीर धरणं हीच तर अवघड गोष्ट. ओरडून काही मिळत नाही म्हटल्यावर सोनीचं ओरडणं आधी दुप्पट झालं. बाईंनी सांगून ठेवलं होतं, "आधी वाढंल, मग उतरंल. वाढलंय तवर पाय रोवून उभं ऱ्हावा." मी राहिलो. पण कट्ट्यावर मी एकटा नव्हतो. तात्या रिक्षावाला माझं जुनं गिऱ्हाईक, आवाज मोठा, मन लोण्याचं. एका संध्याकाळी सोनी ओरडून ओरडून निळी पडायला आली तशी तात्या भडकला. "काय काळीज हाय का दगूड? दे की पोरीला!" आणि आपला पेला तिच्या तोंडाला लावला. सोनी गप्प. तात्याने मिशीवरचा फेस पुसत सगळ्यांकडे विजयी नजरेने बघितलं.

बाई उठून त्याच्याजवळ गेल्या. "तात्या, तुमच्या मायेला नाव न्हाय ठेवत. पण आज तिला कळलं, एवढं वरडलं की मिळतंय. उद्या ती हितनं फुडं सुरू करणार."

आणि दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तात्याचं तोंड उतरलं. मग बाईंनी अख्ख्या कट्ट्याची शाळा घेतली. पोरगी ओरडली की वर तारेकडे बघायचं. "दे" म्हणाली, नुसतं ओठांनी म्हणाली, की ज्याच्या हातात पेला असेल त्याने तिथल्या तिथे द्यायचा. कोल्हापूरची माणसं, कुणाचं ऐकतील तर शप्पथ. पण बाईंचं ऐकलं. पुढचे काही दिवस आमच्या चौकात मोठमोठे गडी मिशीला फेस लावून आकाशाकडे तोंड करून उभे असायचे आणि खाली सोनीचा आकांत. एक परगावचा माणूस दूध प्यायला थांबला. म्हणाला, "काय बघायलाईसा वर?"

"गप बघा, पावणं," तात्या म्हणाला. "तुमीबी वर बघा."

ओरडणं वाढलं, एका जागी थांबलं आणि उतरायला लागलं. दसरा गेला आणि एका संध्याकाळी सोनीने बाईंच्या हातातल्या पेल्याला हात न लावता, स्पष्ट, "दे" म्हटलं. मी धार सोडून उठलो. म्हशीने बादली लाथाडली. सगळं दूध रस्त्यावर, आणि कुणी तिकडे बघितलंही नाही.

पण ती फक्त बाईंनाच "दे" म्हणायची. मला नाही, आईला नाही. बाई म्हणाल्या, "एका माणसापुरतं शिकलं ते शिकणंच न्हाय." मग पेला रोज वेगळ्या हातात जायला लागला. आज तात्या, उद्या सून, परवा मी. माझ्या हातातून तिने पहिल्यांदा मागितलं, त्या दिवशी मी पेला पुढे करायचा सोडून तसाच धरून बसलो. बाई मागून ओरडल्या, "आप्पा, द्या की लगीच!"

दिवाळीला दिनकर आला, पुण्याला न्यायची पिशवी भरायची म्हणूनच. सुनेने कितीदा सांगितलं असेल, तरी त्याचा विश्वास नव्हता. कट्ट्यावर येऊन दूध घेऊन उभा राहिला. सोनीने त्याचा सदरा ओढला. त्याने खाली बघितलं.

"दे."

दिनकर खांबासारखा उभा. पेला हातात तसाच. तात्याला राहवलं नाही. "अरं दे की लगीच! नासंल!"

दिनकर गुडघ्यावर बसला आणि पेला तिच्या हातात दिला. नंतर बराच वेळ तो म्हशीच्या पाठीआड तोंड फिरवून उभा होता. पुण्याची पिशवी माळ्यावर गेली ती पुन्हा उतरली नाही.

बाई पुढे कितीतरी वर्षं येत राहिल्या. सोनी थोडं बोलायला लागली, भांडी घासायला, पेले मांडायला शिकली. सगळं सुरळीत झालं असं नाही, पण ती घरात राहिली. एकदा बाई मला म्हणाल्या, "आप्पा, आधी तुमी किती वरडायचासा! आता?"

मी आठवून बघितलं. खरंच, केव्हा सुटलं ते कळलंच नव्हतं.

"तुमी वरडलासा की मी पालीकडं बघायचो. हळू बोललासा की च्या विचारायचो, दूध मागायचो."

"म्हंजे मलाबी...?" माझा आवाज चढला. बाईंनी तारेकडे बघितलं. मग मला हसू आवरेना. या वयापर्यंत मला न वळवू शकलेली माणसं एका बाजूला, आणि ही कळंब्याच्या शाळेची बाई पेलाभर दुधावर वळवून गेली.

मोबाईल सगळ्यांच्या हातात दिसायला लागले त्या सुमाराला बाई निघाल्या. नांदेडकडे अशा पोरांची शाळा नव्हती, ती काढायची होती. निरोप घ्यायला कट्ट्यावर आल्या, पालथ्या बादलीवर बसल्या. तात्या कशाला तरी उगाच रिक्षा पुसत होता. मी म्हटलं, "बाई, आता जाऊ नगा की."

मी धार काढली आणि सवयीने फेसाचा पेला सोनीच्या हातात दिला. ती पंधरा-सोळाची झाली होती. तिने फेसाला बोट लावलं नाही. पेला दोन्ही हातांनी धरून बाईंच्या समोर गेली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "घे."

"दे" सगळ्या कट्ट्याने शिकवलं होतं. हे कुणी शिकवलं नव्हतं.

बाईंनी पेला घेतला. आयुष्यभर जिने शाबासकीला क्षणाचा उशीर केला नाही, ती बाई वर तारेकडे बघत राहिली, बघतच राहिली. त्या तारेवर काही नव्हतं.

मी अगदी हळू म्हटलं, "बाई, शाबासकी नासाय लागलीया."