गाडीच्या नंबरातले पहिले अक्षर

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते, त्या काकांच्या गॅरेजात एक बुटकी, उघडी, दोनच माणसांची गाडी उभी होती. तिची चॅसी आणि फायबरची बॉडी एका छोट्या कारखान्यातून खोक्यांत भरून आली होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग काकांनी या देशात घेतलेल्या पहिल्या गाडीतून काढले होते. अशा घरी जुळवलेल्या गाडीला इथे किट कार म्हणतात. काका एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे अवजारे आणि साचे घडवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. सात वर्षे ते ती जुळवत होते, आणि शेवटचे दीड वर्ष मी त्यांच्या हाताखाली होते. मी भौतिकशास्त्राची. प्रयोगशाळेत मी मोजण्याच्या उपकरणांचीच अचूकता तपासते, त्यामुळे स्पॅनर, केबल आणि कायदा या तीन गोष्टी मला चार-सहा शनिवारांत येतील, असा माझा हिशेब होता.

अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आधी तपासणी केंद्रातून ती सुरक्षित असल्याची मंजुरी घ्यावी लागते, आणि मग नोंदणी खात्याकडून नंबर. नंबराचा नियम मी प्रथम वाचला तेव्हा तो मला निव्वळ कारकुनी वाटला होता. गाडीचे निदान दोन मुख्य भाग एकाच जुन्या गाडीतले आहेत हे सिद्ध झाले, तर नव्या नंबराचे पहिले अक्षर त्या जुन्या गाडीच्या वर्षाचे मिळते. काकांच्या बाबतीत ते डी असायला हवे होते. सिद्ध झाले नाही तर त्याच जागी क्यू येतो. क्यू म्हणजे या गाडीचे वय आणि मूळ नक्की ठाऊक नाही.

"काका, क्यू आला तरी गाडी तेवढीच पळेल," मी एकदा म्हणाले.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "माझा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून."

"माझ्या भावाचा?"

"तुम्हीच सांगा."

"एक जून. वर्गातल्या निम्म्या पोरांचा एक जून. शाळेत घालताना मास्तरांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वर्ष ठोकून दिलं. पासपोर्ट, पेन्शन, जीपी डॉक्टरकडचा फॉर्म, सगळीकडं मी त्या मास्तरांचा अंदाज लिहीत आलोय. या गाडीचं वय मला पक्कं ठाऊक आहे. तिला क्यू नको."

"तोंडाकडं कसले, दात बघितले असतील," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "बैलाचे बघतात तसे."

"बाजारभाव बरा आला असणार, म्हणून तर तुझ्या वडिलांनी पसंत केला."

त्या दिवसानंतर मी नियम वेगळ्या नजरेने वाचू लागले.

तपासणीची वेळ आधी ठरलेली असेल तर तिथवर जाण्यापुरती बिननंबराची गाडी चालवता येते. काकांनी ती चालवली. मी शेजारी कागदांची फाईल पोटाशी धरून बसले. तपासणारी बाई पन्नाशीची होती, कमी बोलणारी. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मग दांड्याच्या टोकाला बसवलेला मोठ्या डाळिंबाएवढा गोळा घेऊन ती वाकली. तो गोळा तिने बॉनेटवरून, दिव्यांच्या कडांवरून, आरशाच्या दांडीवरून अलगद फिरवला. जिथे गोळा टेके तिथली कड पुरेशी गोल आहे का, हे ती गेजने तपासे. जिथे फट अरुंद असल्यामुळे गोळा आत पोचत नसे, ती जागा ती सोडून देई.

मी इतकी वर्षे मोजमापात घालवली, पण इतके साधे आणि इतके करुणामय उपकरण पाहिले नव्हते. तो गोळा गाडीचे काहीच मोजत नव्हता. रस्ता ओलांडणाऱ्या, आम्ही कधीही न पाहिलेल्या एका माणसाचा गुडघा, कोपर किंवा कपाळ या गाडीला कुठे लागू शकेल, एवढेच तो विचारत होता. कुठल्यातरी माणसांनी एका टेबलाभोवती बसून या अनोळखी शरीराची कल्पना केली असेल, ती कल्पना एका व्यासात बसवली असेल, आणि आज ती एका बाईच्या मनगटातून आमच्या गाडीवर फिरत होती. काकांनी सातही वर्षे कानशीने गोल केलेल्या कडांवर गोळा पुन्हा पुन्हा टेकला, आणि तिने एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

मग गाडी रोलरवर चढली. स्पीडोमीटर हे माझे काम होते. उपग्रहावरून मिळणाऱ्या जीपीएसच्या वेगाशी ताडून, तीन शनिवार खपून मी तो असा लावला होता की काटा खऱ्या वेगापासून केसभरही हटत नसे. बाईने चाके फिरवली, आकडे टिपले, पुन्हा फिरवली. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"हा कोणी लावला?"

"मी," मी म्हणाले. आवाजात कौतुकाची अपेक्षा असावी, कारण ती किंचित हसली.

"इतका अचूक स्पीडोमीटर माझ्याकडे क्वचितच येतो. म्हणून तर नापास करावा लागतोय. पन्नासच्या वेगाला तो पन्नासहून जरासा कमी दाखवतो. त्याने जास्त दाखवलेलं चालतं, ठरावीक मर्यादेपर्यंत. कमी मात्र कधीच नाही."

नियम मी वाचला होता. तो तोंडपाठ होता. तरीही हात आपल्या सवयीने गेले. प्रयोगशाळेत आम्ही चूक शून्याच्या दोन्ही बाजूंना समान वाटतो आणि त्यालाच प्रामाणिकपणा म्हणतो. शून्यावर लावलेला काटा निम्म्या वेळा वर डोलणार आणि निम्म्या वेळा खाली, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. पण कायद्याने त्या दोन बाजू समान धरल्याच नव्हत्या. काटा जास्त दाखवतो तेव्हा चालकाला थोडा उशीर होतो. कमी दाखवतो तेव्हा दुसऱ्याच कोणाचा तरी जीव धोक्यात येतो. चुकीलाही दिशा असते आणि त्या दिशेची निवड हा नीतीचा प्रश्न आहे, हे मला पीएच.डी.च्या चार वर्षांत कुणी शिकवले नव्हते. ते मी इथे, ऑइलच्या वासात, एका छापील फॉर्मच्या रकान्यातून शिकत होते.

परतताना काका नुसते रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. मंजुरी नाही, म्हणजे नंबराचा अर्जही नाही. मला वाटले, ते चिडले.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "पैकीच्या पैकी मार्क मिळवून नापास होणारी तू पहिलीच."

पुढच्या शनिवारी मी काटा मुद्दाम दोन मैलांनी वर सरकवला. हाताला ते अवघड गेले, पण फेरतपासणीत मंजुरी मिळाली, आणि काकांनी त्याच दिवशी फाईल नोंदणी खात्याकडे पाठवली. जुन्या गाडीचे लॉगबुक म्हणजे नोंदणीपुस्तक, ती खोलताना काढलेले फोटो, सगळे काही. तीन आठवड्यांनी खात्यातर्फे एक तरुण पाहणीला आला. फोटोंवरून गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग एकाच गाडीतले आहेत हे त्याला पटले होते, पण ती गाडी लॉगबुकातलीच, याचा पुरावा त्याला डोळ्यांनी बघायचा होता. लॉगबुकात इंजिनाचा नंबर होता. तोच नंबर इंजिनावर दिसायला हवा होता.

दिसत नव्हता. इंजिन बसवण्याआधी काकांनी टूलरूमच्या सवयीने त्याचा प्रत्येक पृष्ठभाग घासून लख्ख केला होता आणि वर रंग दिला होता. तरुणाने टॉर्च मारला. सुरुवातीचे आकडे लागले, शेवटचे तीन गुळगुळीत.

"सॉरी," तो म्हणाला. "हे मला वाचता आल्याशिवाय लिहिता येणार नाही."

काका इंजिनावर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्याच मेहनतीने त्यांचा पुरावा घासला गेला होता, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते.

मी टॉर्च मागून घेतला. ठोकलेला आकडा वरून पुसला गेला तरी त्याची उथळ खोलगट रेघ उरते. समोरून पडणारा प्रकाश तिला बुजवतो, कडेने सरपटणारा प्रकाश तिची सावली पाडतो. "काकू, दिवा बंद करा आणि खिडकीवर काहीतरी धरा," मी दारात उभ्या काकूंना म्हणाले. काकूंनी दोरीवरची चादर ओढून खिडकीवर धरली. "लवकर कर गं, हात भरून येतात," त्या म्हणाल्या. मी टॉर्च धातूला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि इंचाइंचाने फिरवला.

आधी काहीच नाही. मग करड्या रंगातून तिरक्या रेघांचा एक आकार उठला, जसे पाण्याखालचे काही वर यावे. चार. पुढे एक गोल वळण, खाली शेपूट. नऊ. तरुण गुडघ्यावर बसला, गाल इंजिनाला लावून पाहू लागला. शेवटच्या आकड्याची सावली एका कोनात सात वाटे आणि दुसऱ्यात एक. मी टॉर्च दुसऱ्या बाजूने आणला. आडवी रेघ काळी होऊन उभी राहिली.

"सात," तरुण म्हणाला.

काकांनी लॉगबुक उघडले नाही. "चार, नऊ, सात," ते मराठीत पुटपुटले.

तरुण निघून गेल्यावरही मी बराच वेळ टॉर्च फिरवत बसले. पुसलेली वस्तू पुसली जातच नाही, फक्त तिला कडेने पाहणारा कोणीतरी हवा असतो, याचे मला भय वाटावे इतके आश्चर्य वाटले.

पाकीट आले ते मंगळवारी सकाळी. काकांनी ते उचलले, उलटेसुलटे केले आणि टेबलावर ठेवून दिले.

"अहो, उघडा की."

"तू उघड."

काकूंनी सुरीने पाकीट कापले, चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला. मी जिन्यातच थांबले.

"डी," काकूंनी वाचायला सुरुवात केली. "पुढं—"

"पुरे," काका म्हणाले. "पुरे. उरलेलं सावकाश वाच."