फ्रेमबाहेर

बाबांची नजर अधू झाली, म्हणून त्यांची गाडी विकायची ठरली. जाहिरातीसाठी फोटो काढायला धाकटा भाऊ नितीन आम्हाला टेकडीवर घेऊन गेला. ऊन कलल्यावर त्याने गाडी तिरकी लावली, मागचा विजेचा खांब टाळला आणि तो गुडघ्यांवर बसला. बाबा दारावर हात ठेवून उभे होते.

“बाबा, फ्रेममध्ये येताय तुम्ही. बाजूला व्हा ना जरा.”

बाबा मागे सरले. तरी चकचकीत दारात त्यांचं प्रतिबिंब उरलंच. घरी नितीनने मोबाइलवर रंग खुलवले, बाबा मला गाडी शिकवत असताना बंपरला आलेला पोचा घालवला आणि बोटाने घासून दारातले बाबाही पुसून टाकले. किती सहज जमतं हे! आणि चित्र खरंच देखणं होतं, याचाच राग येतो.

बाबांनी मोबाइल डोळ्यांशी धरला.

“छान आलीय. आपली वाटतच नाही.”

नितीनला ते कौतुक वाटलं.