आपणच आपला कफील

"इक्बाल गेला," फोनवर त्याची बायको, सलमाभाभी, एवढंच बोलल्या आणि मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर ओरडलो, "कुठे गेला?" आदल्या संध्याकाळी तर बाब अल बहरीनच्या बाजारात आम्ही दोघांनी चहा घेतला होता. निलोफरसाठी, त्याच्या लेकीसाठी, त्याने गरम कोट घेतला. बहरीनच्या उकाड्यात कोट! दुकानदारसुद्धा हसला. आणि सकाळी हार्ट अटॅक... आता कित्येक आठवडे झाले, माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

इक्बाल परकार दापोलीचा, मी चिपळूणचा. समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटमध्ये तो इंजिनिअर, मी तिथल्याच लॅबमध्ये. पाइप गंजू नयेत म्हणून त्याने शोधलेली रीत दुसऱ्या देशांतले प्लांटही वापरतात. कुणाच्याही घरी गेला की आधी नळ सोडायचा, बोट ओलं करून जिभेला लावायचा आणि "पाइप सडलाय तुझा" म्हणून मोकळा. माझी बायको करवादायची, "भावजी, आधी चहाची तरी चव बघा!"

त्याला घोर एकच, निलोफरचा. पोरगी इथेच जन्मली, इथेच शिकली. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. तिचा व्हिसा बापाच्या नोकरीवर आणि बापाचा व्हिसा कफीलच्या, म्हणजे इथल्या अरब मालकाच्या, सहीवर. अशात त्याला कळलं, की आपल्या क्षेत्रात असामान्य काम केलेल्याला अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी स्वतःच अर्ज करता येतो; नोकरी हातात नको, मालक पाठीशी नको. गडी नाचायचाच बाकी राहिला. "अरे, आपणच आपला कफील! मालक मफी, सही मफी! कुणीच नको!"

अर्जाला जाणकारांची पत्रं हवी होती. मी झोकात लिहिलं: स्वभावाने शांत, निर्व्यसनी, मोठ्यांचा मान राखणारा, घराणं चांगलं... तिकडच्या वकिलाने विचारलं, याचं लग्न ठरतंय का? आम्हा कोकण्यांना शिफारस म्हणजे स्थळ सुचवणं, एवढंच ठाऊक. इक्बाल पोट धरून हसला. म्हणाला, "माझं काम लिही रे मेल्या. मी मेल्यावर लिहशील, तसं लिही."

लिहिलं. अर्ज मंजूरही झाला. फक्त व्हिसाची मुलाखत राहिली होती, म्हणून तर तो कोट.

मयतीला त्याच्या कफीलने खांदा दिला, ढसाढसा रडला. मायलेकींचा व्हिसा मात्र त्याच्याही हातात नव्हता. मग मी अमेरिकेला त्या वकिलाला फोन लावला. म्हटलं, मंजुरी तर आलीय, आता या दोघींना कधी बोलावणार? वकील हळूच म्हणाला, अर्जदार तेच होते आणि त्यांच्या पाठीशीही तेच होते. ते गेले, अर्ज संपला. मागे कुणी उभंच नाही. ज्या गोष्टीवर माझा दोस्त हरखला होता, तिनेच त्याच्या लेकीचा घात केला!

मुहर्रकला विमानतळावर सोडण्याआधी दोघींना घरी जेवायला बोलावलं होतं. दापोलीला जायचं होतं, जिथे निलोफर फक्त सुट्टीत गेलेली. कोट तिने हातावर घेतला होता. जेवून ती हात धुवायला गेली, बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावलो. नळ सुटलेला, बोट जिभेवर.

"अंकल," ती म्हणाली, "पाइप सडलाय तुमचा."

पहिल्यांदाच मराठीत.