अर्थ लागत नाही

परवाना कचेरीतले शेरेवाले निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, कचेरीच्या जागी चपलांचं दुकान आलं, तरी मंगळवार उजाडला की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. मंगळवारी चित्रं यायची. प्रदर्शनाआधी प्रत्येक चित्र कचेरीतून पास करून घ्यावं लागे. भिंतीला टेकवलेल्या त्या रांगेसमोर खुर्ची ओढून, बशीतून चहा पीत शेरेवाले निवांत बसायचे. डोक्याच्या जागी नळ असलेला माणूस काय, शिडी चढणारे मासे काय! जगात सगळ्यांच्या आधी ते बघायचा मान त्यांचा. काय दिवस होते!

फॉर्मात दोन रकाने असत, 'चित्राचा अर्थ' आणि 'हरकत'. हरकत आली की चित्र जप्त आणि चित्रकार घरी. पण अर्थ लिहिल्याशिवाय हरकत घेता येत नसे, आणि अर्थ लिहील त्यानेच खाली सही करायची. हा नियम करणारा एक तर महामूर्ख असावा, नाहीतर देवमाणूस. शेरेवाले खुशाल लिहीत, 'अर्थ लागत नाही. हरकत नाही.'

एकदा एका चित्रकार बाईंचं चित्र आलं. जेवणाच्या टेबलाभोवती घरची माणसं, एकालाही तोंड नाही, आणि चारी भिंतींना कान फुटलेले. शेरेवाल्यांना ते घर लगेच ओळखू आलं. त्यांची बायको घरभाड्याबद्दल बोलायचं तरी आधी रेडिओ मोठा करायची. त्यांनी नेहमीचाच शेरा मारला.

साहेब कडाडले, "अहो, शेंबड्या पोरालाही कळेल हे! भिंतीला कान असतात!"

"असेल, साहेब. मग अर्थ तुम्हीच लिहा. सही तेवढी करा."

साहेबांनी पेन उघडलं. कान आहेत म्हणायचं, तर कुणाचे हेही लिहावं लागणार, आणि खाली आपली सही! त्यांनी गुपचूप टोपण लावलं. चित्र सुटलं. शेरेवाल्यांच्या गोपनीय अहवालात मात्र 'आकलनशक्ती कमी' अशी नोंद पडली आणि बढती हुकली. बायको म्हणाली, "बरं झालं. साहेब होणं तुम्हाला शोभलंही नसतं."

प्रदर्शनात बाईंनी त्यांना गाठलं. "तुम्हीच ना ते? खरं सांगा, काहीच कळलं नाही?"

मागेच साहेब उभे होते. "नाही हो ताई," शेरेवाले म्हणाले, "आमच्या डोक्यावरून गेलं."

बाईंचा चेहरा उतरला. "तुमच्यासारख्यांना कळावं म्हणून तर इतकं सोपं केलं होतं मी."

ते वाक्य त्यांना फार लागलं. पुढे बाई देश सोडून गेल्या. पत्रातून खरं सांगावं असं शेरेवाल्यांना कितीदा वाटलं, पण तेव्हा पत्रं फोडून वाचत. पत्रांवरची ती पाळत उठली त्याच आठवड्यात त्यांनी चार पानी पत्र टाकलं. महिन्याभराने ते न उघडताच परत आलं. बाई वारून वर्ष झालं होतं.