ठिपका कुणाचा?

घरात त्याला जावईबापू म्हणत आणि प्रयोगशाळेत परजीवीवाला. दोन्ही हुद्दे एकच, असं तो स्वतःच सांगत फिरे. काळ्या आजाराचे परजीवी दुसऱ्याच्या पेशीत फुकट राहतात आणि हा सासऱ्यांच्या वरच्या मजल्यावर. "फरक इतकाच, की त्यांना टोमणे कळत नाहीत," तो म्हणे. त्याला आजवर कुणी टोमणा मारला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्या परजीवींच्या अंगावर ग्लायकोलिपिडचा झगा असतो. या रेणूची चरबीची शेपटी आवरणात रुतलेली, साखरेचं डोकं बाहेर. शरीराचे पहारेकरी त्या साखरेला भुलतात आणि परजीवी आत ऐसपैस संसार थाटतो. गोड बोलून घरात शिरायची कला आपल्यालाही येते, हे सांगायला तो विसरत नसे.

परजीवींमधली चरबी काढून काचपट्टीवर चढवायची, आम्ल फवारून तापवायची. साखर असेल तिथे जांभळा ठिपका उमटतो. यंदा एक ठिपका असा उमटला, जो आधी कुणी पाहिलाच नव्हता. तो खरा ठरला तर नोकरी कायम, आणि नोकरी कायम तर स्वतःचं घर. बायकोने पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला. सासरे एवढंच म्हणाले, "चांगलं झालं." ब्याद टळणार म्हणून म्हातारा मनातून खूश आहे, असा जावयाने अर्थ काढला.

एक काम मात्र त्याने टाळलं होतं. परजीवी ज्या खाद्यात वाढवतात त्यात वासराचं सीरम असतं. ठिपका त्या खाद्याचाच नाही ना, हे कळायला परजीवी न घालता नुसतं खाद्यही पट्टीवर चढवून बघायचं असतं. नवशिके ते विसरले की हाच त्यांना झापत असे. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "नुसतं खाद्य चढवलंत ना?"

"चढवतोच आहे," तो म्हणाला. चढवलं. ठिपका तिथेही, अगदी त्याच जागी.

संध्याकाळी जेवताना त्याने सांगून टाकलं. "ठिपका परजीवींचा नव्हताच. ज्याचं खाल्लं, त्याचंच अंगाला चिकटलं होतं. घराचं आता विसरा."

बायकोने मान खाली घातली.

"म्हणजे तुम्ही जात नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

सासरे चष्मा काढून उगाच पुसत बसले. "मग वरचा तो गळका नळ उद्याच बदलून घेऊ," ते म्हणाले. म्हातारा इतके दिवस भेदरून होता, आणि हा शहाणा त्याला खूश समजत होता. जावयाला एकदम भरून आलं.