ओल्या रंगावरचा पंजा

भिंत दिसली की ते प्रथम तिच्यावर तळहात ठेवीत. नमस्कार त्यानंतर.

बँक कर्ज देण्यापूर्वी जागेची किंमत ठरवून घेते. त्या कामासाठी बँकेने नेमलेले हे गृहस्थ शहापूरहून एसटीने मुरबाडला येत. तुम्ही कधी दुकानाचा गाळा विकत घेतला असेल, तर अशा माणसाची वाट तुम्हीही पाहिली असेल.

माझे बियाण्यांचे दुकान भाड्याच्या जागेत होते. ती जागा सोडणे भाग होते. पेरणीपूर्वी नवा गाळा हाती आला नाही, तर वर्ष बुडणार होते. सारे त्यांच्या अहवालावर अडले होते.

पहिल्या भेटीत त्यांनी भिंतीवर हात ठेवला. तो पिस्ता रंगाचा होऊन परत आला. मी विकत घेणार होतो त्या गाळ्याच्या मालकांनी आदल्या संध्याकाळीच रंग दिला होता.

"रंगाखाली ओल आहे की नाय, मला कसं कळणार?" ते म्हणाले. "सुकू दे. भिंत पळून नाय जात."

आणि ते निघून गेले.

पुन्हा येईतो वैशाख लागला. मालकांनी पुन्हा रंग दिला होता. या वेळी भिंतीवर त्यांचा पंजा स्वच्छ उमटला. मी माझा नवा रुमाल पुढे केला. तो परत मिळाला नाही.

हे काय चालवले आहे, असे मी मालकांना विचारले.

"सायेब येनार म्हंजे पावनाच ना, शेठ? पावना येनार त्या घराला रंग नाय द्यायचा?"

"डॉक्टरकडे कोणी पावडर लावून जाते का?" मी म्हणालो.

त्याच दिवशी गाळ्याची किल्ली, रंगाचा डबा आणि ब्रश मी घरी नेऊन ठेवले. मालक दोनदा ब्रश मागायला आले.

तिसऱ्या भेटीत हात कोरडा राहिला. ओल नव्हतीच, कधीच नव्हती. अहवाल गेला, कर्ज मंजूर झाले, आणि आभाळ भरून येण्याआधी भाताच्या बियाण्याच्या पिशव्या नव्या गाळ्यात लागल्या.

पुढे ते मुरबाडला आले की दुकानात डोकावत. चहा घेत नसत. भिंतीवरच्या पंजात आपला हात बसवून पाहत आणि गंभीरपणे सांगत, "बसतो अजून."

गेल्या हिवाळ्यात ते वारल्याचे शहापूरहून कळले. मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवले.

नंतर रंगारी आला. "काका, ह्यो पंजा बुजवू ना?"

"त्याच्या भोवतीने रंग दे," मी म्हणालो.

रंग सुकेपर्यंत मी दारात खुर्ची टाकून बसलो. जुने मालक समोरच राहतात.