डोळे शेवटी

आई गेल्यावर बाबांनी बोलणंच टाकलं. मी त्यांना व्हिजिट व्हिसावर इकडे आखातात, अमवाजला माझ्या घरी आणलं, तर इथेही दिवसभर बाल्कनीच्या काचेशी बसून राहायचे. ताट पुढ्यात थंड व्हायचं. मी चिडायचे, पण चिडून काय उपयोग, माणूस उठेना.

मग मुंबईहून एका संपादकाचा फोन आला. बाबांनी तरुणपणी कॉमिकसाठी लाल शेल्याचा सुपरहिरो काढला होता, कोसळता पूल खांद्यावर तोलून हसणारा. आता नव्या वाचकांना तो 'डार्क' हवा होता. मी अशीच चित्रांची कामं करते, टॅबवर. काम घेतलं आणि मनाशी म्हटलं, चित्रं माझी, पण डोळे बाबा काढतील.

आमचं घर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि तीही घरातल्या मोठ्या हाताने. बाबांनी कॉमिकमध्येही तेच चालवलं. सगळं पान रंगवून डोळे कोरे ठेवायचे, मग आंघोळ करून बसायचे.

मी सांगितलं आणि ते उठलेच. माझ्या पानांच्या प्रिंटवर डोळे काढायला शहरातून, मनामाहून बारीक ब्रश आणवला. हात थरथरतो म्हणून सकाळभर रद्दीवर डोळे गिरवायचे. वरणभात मागून घ्यायला लागले. टॅक्सीच्या ड्रायव्हरकडून उचललेलं 'यल्ला', म्हणजे 'चल, आटप', मलाच ऐकवायला लागले.

"शेला फाडलास? बरं. गालावर व्रण? असू दे, म्हातारा झाला की माणूस खरचटतोच."

नायक चोराची मान मोडतो, त्या पानावर मात्र त्याच्या कोऱ्या डोळ्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मोडली तर मोडली. पण मोडताना तो कुठे बघत होता, ते मी दाखवीन."

मी ते पान नुसतं दाखवायला म्हणून संपादकाला पाठवलं, डोळे कोरे ठेवून. आमच्याकडे कोरे डोळे म्हणजे काम बाकी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला कसं कळणार? त्याचा लगेच फोन. "ताई, हे पांढरे डोळे एकदम खतरनाक. बुबुळं नकोतच. हेच फायनल, सगळीकडे."

मी भांडले. अहो, ते अर्धवट आहे, म्हटलं. तो म्हणाला, "ताई, इमोशनल होऊ नका, सगळ्यांना आवडलंय." असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावा.

बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसले होते. मी सांगून टाकलं. त्यांनी पानाची प्रिंट जवळ ओढली आणि चष्मा वर करून बघत राहिले.

"छान दिसतो गं," म्हणाले. "आंधळा केलात, पण छान दिसतो."

ब्रश कोरडाच होता, तरी धुतला. टोक ओठांनी सारखं केलं, टोपण लावलं.

दुपारी ताट घेऊन गेले तर ते पुन्हा काचेशी. "ठेव तिथे," एवढंच म्हणाले. वरणावर साय धरेपर्यंत मी तिथेच उभी होते. या वेळी मला चिडताही आलं नाही.